निरोप त्याला, खेळाला नाही

अगं राणी, रडू येत असेल तर खुशाल रड. मावशी फोनवर म्हणत होती, "एका खेळाडूपायी पोरीनं एवढं मनाला लावून घ्यावं? तो ना आपल्या नात्यातला, ना गावातला." तिला मी समजावलंय. जो तुझ्या जन्माआधीपासून भारतासाठी खेळत होता, तू पहिल्यांदा चेंडूला पाय लावलास तेव्हा जो कर्णधार होता, तो सुनील छेत्री आता त्या निळ्या जर्सीत दिसणार नाही म्हटल्यावर आवंढा येणारच. मलाही आला. ज्याला आपण कधी भेटलो नाही त्याच्यासाठी जीव कळवळतो, हे चांगल्या मनाचं लक्षण आहे. त्याची लाज बाळगू नकोस.

पण मावशीने तुझं आणखी एक वाक्य सांगितलं, ते मात्र मला लागलं. "आता भारताची मॅच बघायची नाही, आणि मी खेळून तरी काय होणार आहे," असं म्हणालीस म्हणे. म्हणून हे लिहायला बसले. आपण दोघीही त्याच्याच चाहत्या. तेव्हा माझ्याशी भांडताना "तुला काय कळतंय" असं तरी तुला म्हणता यायचं नाही.

आधी एक विचारते. तुला त्याच्यातलं नेमकं काय आवडतं? तुझ्या अभ्यासाच्या टेबलावर त्याच्या आकड्यांचा कागद चिकटवलेला आहे, तो मी पाहिलाय. 6 जून 2024 ला त्याने पहिल्यांदा आंतरराष्ट्रीय फुटबॉलचा निरोप घेतला, तेव्हा त्याच्या नावावर 151 सामन्यांत 94 गोल होते. पुरुषांच्या फुटबॉलमध्ये देशासाठी त्याच्यापेक्षा जास्त गोल केलेले तेव्हा तिघंच होते: रोनाल्डो, इराणचा अली दाई आणि मेस्सी. ही यादी तू सुंदर अक्षरात लिहिली आहेस. आणि वर्गातली मुलं त्या यादीवरून तुला चिडवतात, "नेपाळ, मालदीवच्या टीमला गोल मारून कोणी मेस्सी होत नाही" म्हणतात, आणि तू घरी येऊन दार आपटतेस.

बाळा, हे भांडण तुझं नाहीच. तो स्वतः कधी मेस्सीच्या शेजारी उभा राहायला गेला नाही. कोणी तुलना केली की ती नाकारायचा. मग आपण का करायची? मुलं म्हणतात त्यात थोडं तथ्य आहे, ते सरळ मान्य कर. भारत ज्यांच्याशी खेळला, त्यांच्याविरुद्धच त्याला गोल करता आले, आणि त्यांत दक्षिण आशियातले संघ बरेच होते. पण 2011 च्या आशियाई चषकात त्याने बहारीन आणि दक्षिण कोरियाविरुद्धही गोल केले. 2019 च्या आशियाई चषकात अबुधाबीला थायलंडला आपण 4-1 हरवलं, त्यातले दोन गोल त्याचे. आणि तो आशियाई चषक 2011 साली आपल्या वाट्याला आलाच कसा? 2008 मध्ये दिल्लीच्या आंबेडकर स्टेडियमवर एएफसी चॅलेंज कपच्या अंतिम सामन्यात ताजिकिस्तानविरुद्ध त्याने हॅट्‌ट्रिक केली, आपण 4-1 जिंकलो, म्हणून. 1984 नंतर आपण थेट 2011 मध्ये आशियाई चषकात दिसलो. एवढं मुलांना शांतपणे सांग आणि विषय सोड. कोणाला पटवून देण्यासाठी आपण कोणावर प्रेम करत नसतो.

तो यादीचा कागद राहू दे टेबलावर. पण माझ्या मते त्याचं मोठेपण त्या आकड्यांत जेवढं आहे, त्याहून जास्त आकडे होण्याआधीच्या आणि आकडे कामी न आलेल्या दिवसांत आहे. ते दिवस तुला ठाऊक असायला हवेत.

तो सिकंदराबादचा, जन्म 3 ऑगस्ट 1984. वडील सैन्यात, त्यामुळे बदल्या, नव्या शाळा, नवी मुलं. आणि आई? तिच्याबद्दल तुला सांगितलं होतं का कधी? त्याची आई आणि आईची जुळी बहीण, दोघी नेपाळच्या महिला संघाकडून फुटबॉल खेळायच्या. म्हणजे ज्याला तू देव मानतेस, त्याच्या घरात हा खेळ आधी बाईच्या पायांत होता. पुढच्या वेळी कोणी तुला "मुलींना काय करायचंय फुटबॉल" म्हणालं तर हे मनात आठव. बोलून दाखवायचीही गरज नाही, आठवलं की पाठ आपोआप ताठ होते.

लहानपणी त्याला व्यावसायिक खेळाडू व्हायचं नव्हतं. चांगल्या कॉलेजात खेळाडूंच्या कोट्यातून प्रवेश मिळावा, एवढ्यासाठी तो खेळत होता, हे त्याने स्वतःच अनेकदा सांगितलंय. दिल्लीतून 2002 मध्ये मोहन बागानने त्याला कोलकात्याला नेलं तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. तीन वर्षांनी, 12 जून 2005 ला, पाकिस्तानात क्वेट्टाला भारताकडून पहिला सामना. तू त्याचा निवृत्तीचा तो जवळजवळ दहा मिनिटांचा व्हिडिओ किती वेळा पाहिलास कोण जाणे, पण त्यातला एक भाग मी पुन्हा काढून देते. सकाळी प्रशिक्षक सुखविंदर सिंग यांनी सांगितलं, आज तू सुरुवातीपासून खेळणार आहेस. आणि या मुलाने काय केलं? हातात आलेल्या जर्सीवर अत्तर शिंपडलं. त्या दिवशी त्याने गोल केला, सामना 1-1 असा बरोबरीत सुटला. मला त्या गोलापेक्षा ते अत्तर जास्त आवडतं. विसाव्या वर्षी त्याला जे मिळालं त्याचं अप्रूप त्याने मोकळेपणाने वाटून घेतलं, आणि शेवटच्या व्हिडिओत चाळिशीला टेकल्यावरही ते तितक्याच मोकळेपणाने सांगितलं. तुझ्या शाळेच्या टीमची जर्सी तू दप्तरात कोंबून ठेवतेस, असं मावशी म्हणते. घडी घालून ठेवत जा गं.

आता नकारांचं ऐक. 2009 मध्ये इंग्लंडच्या क्वीन्स पार्क रेंजर्स क्लबने त्याला घ्यायचं ठरवलं होतं. ब्रिटनने कामाचा परवाना दिला नाही, कारण भारताचं फिफा क्रमवारीतलं स्थान फार खाली होतं. नीट लक्षात घे, त्याच्या खेळात खोट नव्हती. ज्या देशासाठी तो खेळत होता त्या देशाच्या क्रमांकामुळे त्याचं दार बंद झालं. दुसरा कोणी असता तर मनात कडवटपणा धरून बसला असता. तो गोव्यात डेम्पोकडून खेळला. 2010 मध्ये अमेरिकेत कॅन्सस सिटीला गेला, तिथे फारसं खेळायला मिळालं नाही. परत आला. 2012 मध्ये पोर्तुगालच्या स्पोर्टिंगच्या ब संघात गेला, तिथेही मोजकीच संधी. परत आला, पुन्हा गोव्यात, यावेळी चर्चिल ब्रदर्सकडून. मग 2013 मध्ये बंगळूर एफसी नावाचा कोरा करकरीत क्लब निघाला, त्यात गेला, आणि पहिल्याच वर्षी ती टीम देशातली आय-लीग जिंकली. तीन वर्षांनी तोच क्लब एएफसी कपच्या अंतिम सामन्यापर्यंत पोचला. तो सामना दोहाला हरले, पण भारतातला कोणताही क्लब त्याआधी तिथवर गेला नव्हता.

यातलं मला भावतं ते हे, की बाहेरून परतल्यावर तो तोंड लपवून बसला नाही. तिथे नाही जमलं, आता इथे जीव तोडून खेळतो, एवढा साधा हिशेब. गेल्या वर्षी तुला जिल्ह्याच्या निवडीत घेतलं नाही, तेव्हा तू किती तरी दिवस बूट घातले नव्हतेस, आठवतं? मी तुला बोल लावत नाही. दुःख व्हायला हवंच. फक्त ते झालं की पुन्हा बूट बांधायचे, हे त्याच्याकडून शिक. कोणी परवाना नाकारला तरी सराव कोणी नाकारू शकत नाही.

आणि हरण्याचं सांगू? हे तू आवडीने बघत नाहीस, मला माहीत आहे. तुझ्या मोबाइलमध्ये त्याच्या गोलांचे व्हिडिओ आहेत, पण त्या सामन्यांचे निकाल नाहीत. 2015 चं वर्ष घे. मार्चमध्ये भारत फिफा क्रमवारीत 173 व्या स्थानावर होता. जूनमध्ये विश्वचषकाच्या पात्रता फेरीत आपण ग्वामसारख्या चिमुकल्या बेटाकडून 2-1 हरलो. भारताचा एकमेव गोल त्याचा, तोही भरपाई वेळेत, हार जवळपास ठरल्यावर. राणी, तो गोल तुझ्या त्या एकूण आकड्यात मिसळून गेलाय, पण मला विचारशील तर त्याच्या सगळ्या गोलांत तो मला फार मोलाचा वाटतो. त्या गोलाने काही वाचलं नाही. कोणी नाचलं नाही. तरीही शिट्टी होईपर्यंत हा माणूस बॉक्समध्ये धावत होता. दोन वर्षांनी, जुलै 2017 मध्ये, भारत 96 व्या स्थानावर आला. ती चढण सगळ्या टीमची होती, पण हरलेल्या सामन्यात शेवटपर्यंत धावणारा कर्णधार असला की टीमलाही धावावं लागतं.

2024 चंही तसंच. जानेवारीत आशियाई चषकात आपण तिन्ही सामने हरलो, एकही गोल झाला नाही. मार्चमध्ये गुवाहाटीला अफगाणिस्तानविरुद्ध त्याचा 150 वा सामना. सत्कार झाला, त्याने पेनल्टीवर गोल केला, आणि आपण 1-2 हरलो. सत्काराच्या दिवशी हरायला कसं वाटत असेल याचा विचार कर. तो त्यानंतरही पुढच्या सामन्याला उभा राहिला.

खेळाकडे वळू. तुझी तक्रार असते की तू बुटकी आहेस, सर तुला पुढे खेळवत नाहीत. त्याची उंची पाच फूट सात इंच. फॉरवर्डसाठी ही उंची कमीच, आणि तरी त्याने किती गोल डोक्याने केले बघ. जून 2021 मध्ये दोहाला बांगलादेशविरुद्ध ऐंशी मिनिटं होत आली तरी गोल होत नव्हता. डावीकडून आशिक कुरुनियनचा क्रॉस आला आणि छेत्रीने हेडर मारला. तो गोल पुन्हा लाव, पण यावेळी चेंडूकडे बघू नकोस, त्याच्याकडे बघ. चेंडू येण्याआधी तो कुठे उभा आहे, डिफेंडरची नजर कुठे आहे, तो पहिलं पाऊल कधी टाकतो. त्याची उडी इतरांपेक्षा उंच नसते, ती वेळेवर असते. हे उंचीवर अवलंबून नाही, हे शिकता येतं. रोज सरावानंतर एका मैत्रिणीला कडेवरून क्रॉस टाकायला सांग आणि तू फक्त पळण्याची वेळ साध. सरांना दाखव, मग बोल.

मात्र एका बाबतीत त्याची नक्कल करायची नाही. त्याने मांसाहार सोडला, दूधही सोडलं, लवकर झोपायचं, मोजून खायचं, अशी शिस्त ठेवली. ते त्याने तिशी ओलांडल्यावर, जाणत्या लोकांच्या सल्ल्याने, शरीर अजून काही वर्षं टिकावं म्हणून केलं. तू वाढीच्या वयात आहेस. मावशीने ताटात वाढलेली भाकरी, अंडी, दूध काही टाकायचं नाही. पाळी चालू असताना थकवा आला तर लपवायचा नाही, मावशीला सांगायचा, गरज पडली तर डॉक्टरांकडे जायचं. त्याच्याकडून लवकर झोपणं तेवढं घे, त्याने कोणाचंच नुकसान होत नाही.

आता अंधेरीचं सांगते. 2018 च्या जूनमध्ये मुंबईत चार देशांची इंटरकॉन्टिनेंटल कप स्पर्धा होती, अंधेरीच्या शहाजीराजे क्रीडा संकुलातल्या मैदानात. 1 जूनला भारताने चायनीज तैपेईला 5-0 हरवलं, त्याने हॅट्‌ट्रिक केली, आणि बघायला माणसं होती अडीच हजारांच्या आसपास. एक कोटीच्या वर माणसांचं हे शहर! दुसऱ्या दिवशी त्याने एक छोटा व्हिडिओ टाकला. हात जोडून सांगितलं की युरोपातल्या क्लबांवर प्रेम करणाऱ्यांनो, आमचा दर्जा तेवढा नाही हे मान्य, पण आम्ही तुमचा वेळ वाया जाऊ देणार नाही. आम्हाला शिव्या द्या, टीका करा, पण स्टेडियमवर या. भारताच्या कर्णधाराने स्वतःच्या देशातल्या लोकांना अशी विनवणी करावी, हे ऐकून माझ्या काळजात कळ आली.

4 जूनला केनियाविरुद्धचा सामना होता, त्याचा 100 वा. तिकिटं संपली. मी त्या गर्दीत होते. पाऊस असा कोसळत होता की मैदानात पाणी साचून चेंडू जागच्या जागी अडकत होता. पहिला अर्धा वेळ गोल नाही. दुसऱ्या अर्ध्यात पेनल्टी मिळाली, ती त्याने मारली. मग सहकारी जेजेचा गोल. आणि अगदी शेवटी त्याने पुढे आलेल्या गोलकीपरच्या डोक्यावरून चेंडू हलकेच उचलून जाळ्यात टाकला. 3-0. माझ्या आजूबाजूला ओळखीचं कोणी नव्हतं, तरी आम्ही एकमेकींच्या गळ्यात पडलो. सहा दिवसांनी त्याच मैदानावर अंतिम सामन्यात पुन्हा केनिया, यावेळी 2-0, आणि दोन्ही गोल त्याचेच.

त्या रात्री मला जे कळलं ते तुला सांगायचंय. त्याने त्या व्हिडिओत "माझ्यासाठी या" असं कुठेही म्हटलं नव्हतं. खेळासाठी या, टीमसाठी या, असं म्हटलं होतं. म्हणजे आपल्या प्रेमाचं काय करायचं हे त्याने आपल्याला कधीच सांगून ठेवलंय. तो गेल्यावर आपण स्टेडियमकडे पाठ फिरवली, तर त्याचं ते मागणं आपणच पायदळी तुडवलं असं होईल. म्हणून तुझं वाक्य मला लागलं.

निवृत्तीबद्दलही बोलू, कारण तिथे तुझ्या मनात राग आहे. 6 जून 2024 ची ती संध्याकाळ तू बघितलीस. कोलकात्याचं सॉल्ट लेक स्टेडियम भरलेलं, समोर कुवेत, विश्वचषक पात्रतेचा महत्त्वाचा सामना. सगळ्यांना वाटत होतं की तो गोल करेल आणि चित्रपटासारखा शेवट होईल. सामना 0-0 सुटला. सहकाऱ्यांनी दोन रांगा करून त्याला मानवंदना दिली, आणि तो ओक्साबोक्शी रडला. त्याआधीच्या व्हिडिओत त्याने एकोणीस वर्षांचं सार सांगितलं होतं: कर्तव्य, दडपण आणि अपार आनंद. या तिन्ही गोष्टी एकत्र. आपण बाहेरून फक्त आनंद बघतो. दडपण त्याने एकट्याने वाहिलं.

मग 2025 च्या मार्चमध्ये तो परत आला, आणि तू मला तेव्हा फोन करून म्हणालीस, "एवढं रडवलं आणि आता परत?" त्यामागची गरज समजून घे. तो गेल्यापासून भारताला जिंकणं जमत नव्हतं. 2024 या सबंध वर्षात आपण एकही सामना जिंकलो नाही. समोर आशियाई चषकाची पात्रता फेरी होती. आणि क्लबकडून तो भरात खेळत होता, त्या हंगामात इंडियन सुपर लीगमध्ये 14 गोल करून भारतीय खेळाडूंत सगळ्यात पुढे होता. चाळिशीतला माणूस सगळ्यात पुढे! बोलावणं आलं, तो गेला. शिलाँगला मालदीवविरुद्ध आपण 3-0 जिंकलो. पहिला गोल आपल्या मुंबईच्या राहुल भेकेचा, दुसरा गोव्याच्या लिस्टन कोलासोचा, आणि तिसरा लिस्टनच्या क्रॉसवर छेत्रीचा हेडर. तो त्याचा 95 वा.

पुढे मात्र जमलं नाही. ऑक्टोबरमध्ये मडगावच्या फातोर्डा मैदानावर सिंगापूरने आपल्याला 2-1 हरवलं आणि 2027 च्या आशियाई चषकाची आशा संपली. मग त्याने प्रशिक्षक खालिद जमील यांना सांगितलं की मी पात्रता फेरीसाठीच आलो होतो, आता थांबतो. कोलकात्यासारखा सोहळा नाही, मानवंदना नाही. काहींना वाटतं, परत यायलाच नको होतं, पहिला निरोप किती देखणा होता. मी तसं मानत नाही. देखणा निरोप मिळून गेलेला असताना, अपयश पदरी पडण्याची शक्यता दिसत असताना, केवळ टीमला गरज आहे म्हणून परत जाणं, यात मला त्याचा सगळ्यात मोठा मोठेपणा दिसतो. स्वतःची छबी जपणारा माणूस हे करत नाही.

पण त्याला परत बोलवावं लागलं, हा दोष त्याचा नाही, आणि त्याच्यानंतरच्या पोरांचाही पुरता नाही. आपल्या क्लबांनी वर्षानुवर्षं गोल करण्याची मुख्य जागा परदेशी खेळाडूंना दिली. भारतीय मुलगा खेळतो, पण कडेला, विंगवर, नाहीतर बाकावर. बॉक्समध्ये रोज खेळायलाच न मिळालेला मुलगा देशाच्या सामन्यात एकदम गोल कुठून करणार? छेत्रीच्या गोलांनी ही उणीव इतकी वर्षं झाकली गेली. आता ती उघडी पडलीय, आणि उघडी पडली तरच भरून निघेल.

आणि त्याच्याविना सगळं संपलं, असंही नाही. सप्टेंबर 2019 मध्ये दोहाला आशियाई विजेत्या कतारला आपण 0-0 रोखलं, तेव्हा तो आजारी होता, मैदानात नव्हता. गुरप्रीत सिंग संधूने कर्णधार म्हणून गोल राखला होता. 2025 च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये मध्य आशियातल्या काफा नेशन्स कपमध्येही तो संघात नव्हता, तरी आपण ताजिकिस्तानला त्यांच्याच घरी हरवलं आणि ओमानला पेनल्टी शूटआउटमध्ये नमवून तिसरे आलो. ही टीम त्याच्याशिवायही उभी राहिली आहे. तिला माणसं हवीत, मैदानातही आणि बाकांवरही.

आता तुझं स्वतःचं. "मी खेळून काय होणार" या प्रश्नाला माझ्याकडे सरळ उत्तर आहे. जुलै 2025 मध्ये भारताच्या मुलींनी थायलंडला त्यांच्याच देशात 2-1 हरवलं आणि पात्रता फेरी खेळून पहिल्यांदाच आशियाई चषकात जागा मिळवली. दोन्ही गोल बंगालच्या संगीता बासफोरचे. त्याच वर्षी पुरुषांचा संघ आशियाई चषकाला मुकला, आणि मुली पोचल्या. 2022 मध्ये हाच चषक आपल्या नवी मुंबईत आणि पुण्यात झाला होता, तेव्हा कोरोनाच्या साथीने आपल्या संघाला इराणविरुद्धच्या एकाच सामन्यानंतर माघार घ्यावी लागली. घरच्या मैदानावर ते दुःख पचवून या मुली परत उभ्या राहिल्या. तुझ्या खोलीत छेत्रीच्या शेजारी संगीताचा फोटो का नाही, याचा विचार कर. मी पाठवते एक.

आणि तू तर कोल्हापूरची! शाहू स्टेडियमवर पेठांच्या तालमींच्या फुटबॉल संघांचे सामने असतात तेव्हा उन्हात बसून माणसं ओरडत असतात. फुटबॉलसाठी अशी वेडी गावं महाराष्ट्रात कितीशी आहेत? तुमच्याच कोल्हापूरचा अनिकेत जाधव 2017 मध्ये सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला. तुझ्या रस्त्यावर आधी कोणी चाललंच नाही, असं तुला म्हणता येणार नाही.

तेव्हा माझं ऐकशील? त्याच्यासाठी पाहिजे तेवढं रड, त्याचा 11 नंबर पाठीवर मिरव. मग शाळेच्या टीममधल्या मैत्रिणींना घेऊन भारताची पुढची मॅच बघ, आणि ती मुलींची असेल तर आधी ती बघ. कोल्हापुरात मुलींचा सामना असला तर बाकं रिकामी ठेवू नका, मावशीलाही ओढून न्या. हरलात तरी शेवटच्या शिट्टीपर्यंत बसा. पुण्या-मुंबईत सामना असेल तेव्हा मला सांग, तिकिटं मी काढते, आपण दोघी जाऊ. आणि उद्या संध्याकाळी सरावाला जा.